मावशीला लांबचं चांगलं दिसतं

माझी मावशी रफू करायची. कोट जळाला, शालीला कसर लागली की लोक तिच्याकडे यायचे, आणि परत नेताना भोक कुठं होतं तेच शोधत बसायचे. दुकान दिराचं. यजमान गेल्यावर दारातली, उजेडातली खुर्ची तेवढी मावशीची राहिली होती. दिराला तिथं आपल्या सुनेला बसवायचं होतं.

मावशीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आत बसवायची लेन्स एकाच अंतराला नीट जुळते, मग यांना बिनचष्म्याचं लांबचं हवं की जवळचं? मावशी डोळ्यांत थेंब घालून बाहेर बाकावर. आत दीर होता. म्हणाला, लांबचं द्या, वहिनींनी काम केव्हाच सोडलंय.

ऑपरेशन छान झालं. समोरच्या गच्चीवरचे कपड्यांचे चिमटेसुद्धा मावशीला दिसू लागले आणि हातातली सुई दिसेनाशी झाली. दिव्यांभोवती कडी दिसायची, ती हळूहळू विरली. सुई काही परत आली नाही. दिरानं मोठ्या मायेनं मागच्या भिंतीशी स्टूल दिलं. वहिनी, आता आराम करा म्हणाला.

तपासणीला गेली तेव्हा तिला खरं कळलं. डॉक्टरीणबाईंनी हळहळून जवळचा चष्मा दिला. तो लावून मावशीनं तिथंच सुईत दोरा ओवून पाहिला, चष्मा पिशवीत टाकला आणि दुकानात चकार शब्द काढला नाही. देवासमोर बसली तेव्हा मी शेजारीच होते. म्हणाली, तो बघतोच आहे, पण या खेपेला मलाही बघायचंय.

आता तिला रंगही धुतल्यासारखे लख्ख दिसत होते. मोतीबिंदू सगळ्यावर चहा सांडल्यासारखा पिवळेपणा आणतो, आणि तो गेल्यावरच कळतो. दिरालाही मोतीबिंदू होता, पण कबूल कोण करणार? मावशी रफूसाठी त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून दोरा काढायची, म्हणजे रंग जुळलेलाच. तेवढा वेळ घालवणं त्याला पटत नव्हतं. तो रिळं निवडून सुनेला द्यायचा. एका वकिलांच्या गडद निळ्या कोटाला त्यानं काळा दोरा दिला. सुनेनं शंका काढली तर तिलाच झापलं. मावशीला भिंतीपासून सगळं दिसत होतं. ती नामस्मरण करीत बसली.

वकील कोट घेऊन परत आले. भरल्या दुकानात विचारलं, "याला रफू म्हणायचं की डाग?"

दीर तणतणत मागं आला. "वहिनी, तुम्ही इथंच होता ना? दिसलं नाही?"

"दिसलं की, भावजी. लांबचं चांगलं दिसतं मला. तुम्हीच मागून घेतलंत."

मग चष्मा लावून ती पुढं गेली. सून आपणहून उठली. मावशी खुर्चीत बसली, दिराला समोर बसवलं आणि कोट त्याच्या मांडीवर टाकला. म्हणाली, तुम्ही दिलेला दोरा आधी तुम्हीच उसवा, मग मी बघते. वकील तिथंच उभे. दीर कोट डोळ्यांपाशी नेई, लांब धरी, उजेडाकडे वळवी. शेवटी हलकेच विचारलं, यातला काळा कुठला?

मावशी सुनेला दुसऱ्या एका कापडाची आतली दुमड दाखवत होती. मान वर न करता म्हणाली, "सावकाश बघा, भावजी. मला काही घाई नाही."