आक्कांचा बेली डान्स

"पोट आपलंच हाय की, भाऊ. लाजायचं कुनाला?" असं म्हणत आक्का पदर खोचायच्या. त्यांच्या बाबतीत मी काय केलं, हे इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. त्यांचा विषय निघाला की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागायचो. आता पंचाहत्तरी उलटली, सांगून टाकतो.

निवृत्तीनंतर मी लोणावळ्यात, वलवणच्या बाजूला, एका मंडळाच्या सभागृहाची व्यवस्था पाहायचो. पुण्याहून एक तरुण शिक्षिका आली आणि दर शनिवारी दुपारी बायकांना बेली डान्स शिकवते म्हणाली. मी होकार दिला खरा, पण फलकावर ते शब्द लिहायची माझी छाती झाली नाही. माझ्याच डोक्याने 'महिला आरोग्य वर्ग' असं रंगवून घेतलं.

आक्का कुरवंड्याहून यायच्या. वय अठ्ठावन्न. चिक्कीच्या कारखान्यात तीस वर्षं ओट्यावर वाकून लाटणं फिरवलेलं, त्यामुळे कंबर लाकडासारखी झालेली. बाकीच्या मुलींनी कमरेला बांधायला नाण्यांचे रुमाल ऑनलाइन मागवले. आक्कांनी घरच्या विकलेल्या बैलाची घुंगुरमाळ आणली आणि साडीवरूनच आवळली.

"आक्का, नुसती कंबर हलवा. खांदे नको," शिक्षिका सांगायची.

"बाई, ती तीस वर्सांत एकटी कुटं गेलीच न्हाई. खांद्यासंगटच जाती."

मी बाहेर खुर्ची टाकून बसायचो. दार लोटलेलं असलं तरी घुंगरांवरून मला कळायचं, आक्का कुठे चुकताहेत ते. सुट्टी झाली की त्या घाम पुसत माझ्यासमोर उभ्या राहायच्या. "भाऊ, तुमी बी या की वर्गाला. तुमचं पोट तर न शिकता लय झ्याक हलतंय."

दोन महिन्यांनी एकदा त्या वर्गाआधीच धापा टाकत आल्या. "भाऊ, काल शेंगदान्याचं पोतं सरकावलं! कळ न्हाई आली!" एवढा आनंद मी पोरांच्या निकालाच्या दिवशीही कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

मग एका शनिवारी मंडळाच्या अध्यक्षांच्या आई दुपारपर्यंत उपाशी राहून आल्या. फलक वाचून त्यांना वाटलं होतं, इथे साखर तपासतात. मी उठेपर्यंत त्या आत गेल्यासुद्धा. तासभर बाहेर आल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "सुई कुनी टोचली न्हाई, पर बरं वाटलं." घरी जाऊन त्यांनी सुनांना कंबर हलवून दाखवली. दुसऱ्याच दिवशी मंडळाची बैठक लागली.

तुम्हीही अशा बैठका पाहिल्या असतील. चहा येतो, बिस्किटं येतात आणि मग एका माणसाकडे सगळे वळून बघतात. "आरोग्याच्या नावाखाली हे थेर कुणाच्या सांगण्यावरून चालले?" अध्यक्षांनी मला विचारलं. माझी बायको जाऊन वर्ष झालं होतं. घर खायला उठायचं. सभागृहाच्या त्या चाव्या गेल्या असत्या तर दिवसभर मी कुठे बसलो असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, "त्या कुरवंड्याच्या आक्कांनी मला योगासनं आहेत म्हणून सांगितलं. मी विश्वास ठेवला."

वर्गातल्या सगळ्यांत थोरल्या म्हणून आक्कांनाही बोलावलं होतं, हे मला माहीत नव्हतं. त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही; एखादं लेकरू पडलं की आपण पाहतो, तसं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं. भाऊंना काय बी ठावं न्हाई."

वर्ग बंद झाला. चाव्या माझ्याकडेच राहिल्या. 'फसवून नाच चालवला' ही गोष्ट आक्कांच्या आधी कुरवंड्याला पोचली. गावच्या भजनी मंडळात पहिली झांज त्यांची असायची, ती दुसरीच्या हातात गेली. त्यानंतर भजनाला त्यांना कुणी बोलावलं नाही.

मी दोनदा त्यांच्या घरी गेलो, सांगायचंच असं ठरवून. पहिल्यांदा नुसता चहा पिऊन आलो. दुसऱ्यांदा "आक्का, त्या बैठकीत..." एवढं म्हणालो. "ऱ्हाऊ द्या, भाऊ. च्या निवतोय," म्हणून त्यांनी कप पुढे सरकवला आणि माझ्याच पाठीची चौकशी केली. मला तेवढं निमित्त पुरलं.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. दशक्रियेला घाटावर, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे, श्रद्धांजलीसाठी माइक फिरत होता. समोर भजनी मंडळाच्या सगळ्या बायका बसल्या होत्या. सांगायला याहून योग्य जागा नव्हती. माझं नाव पुकारलं. मी म्हणालो, "आक्का कष्टाळू होत्या. मनमिळाऊ होत्या." मग म्हणालो, "त्यांनी माझ्यासाठी..." आणि समोरच्या बायकांकडे पाहून माइक खाली घेतला. सूत्रसंचालकाने हळूच माझ्या हातातून माइक घेतला. "भाऊंना गहिवरून आलं," असं सांगून त्याने पुढचं नाव घेतलं.

गहिवर नव्हता तो. पुढचं वाक्य तयार होतं: फलक माझा होता, खोटं मी बोललो, आक्का, मला माफ करा.