मिरकरवाड्यात हिमालयाची हवा

मंडळी, आज गाडीची ताकद मोजून आले आणि तेव्हापासून अस्वस्थ आहे.

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ संदीप याने माझ्या जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनात बरेच बदल केले. मिरकरवाड्याजवळ त्याचं गॅरेज आहे. तिथल्या डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, तेव्हा दोनशे हॉर्सपॉवर आले होते.

आज तो पावसला गेला होता, म्हणून त्याच्या जुन्या मेकॅनिकने, यशवंतकाकांनी, गाडी मोजली. आकडा आला दीडशे.

"काका, मशीन बिघडलंय काय?"

त्यांनी जुना रिपोर्ट पाहिला आणि बराच वेळ चष्मा पुसला. "ताई, यात जागेची उंची अडीच हजार मीटर टाकलीय. डोंगरावर हवा विरळ, म्हणून मशीन आकडा वाढवून देतं. आपण तर समुद्राला टेकून बसलोय."

मी संदीपला फोन केला. तो हसला. "अगं ताई, तू साठच्या वर चालवतेस कधी? वर्षभर खूश होतीस ना?"

होते. त्याने खरा आकडा सांगितला असता तरी खूश झाले असते.

तो रिपोर्ट मी याच ग्रुपवर कौतुकाने टाकला होता. तो बघून तुमच्यापैकी तिघांनी त्याच्याकडे गाड्या दिल्या. त्या दुसरीकडे मोजून घ्या. माझी चूक झाली.

हे लिहिणार म्हटल्यावर तो म्हणाला, "मग मला भाऊ म्हणू नकोस."

तुम्ही असतात तर लिहिलं असतंत?