खुनी जंगलाचा नकाशा

डोळ्यांदेखत माणसं मरत असताना त्यांच्या मागची झाडं मोजणारा माणूस उभ्या पुण्यात एकच होता, आणि तो कोथरूडला आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. सगळी सोसायटी त्यांना काका म्हणायची. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर खातं सुटलं, पेन्सिल सुटली नाही. कुरिअरवाल्याने फोन करून घर कुठे म्हणून विचारलं तर काका तोंडाने सांगत नसत. "थांबा तिथेच," म्हणत आणि नकाशा काढून तो द्यायला स्वतः गेटापर्यंत जात. कुरिअरवाला गेटात, काका गेटात, पाकीट त्याच्या हातात; तरी नकाशा दिल्याशिवाय ते पाकिटाला हात लावत नसत. समोरच्या इमारतीत एका मुलीचं लग्न निघालं तेव्हा पत्रिकेच्या मागे छापलेला कार्यालयाचा नकाशा काकांनी लाल शाईने तपासून परत पाठवला. रस्त्याची रुंदी चूक, पुलाची जागा चूक, आणि उत्तरेचा बाणच नाही. "उत्तर कुठे ते दाखवलेलं नसेल तर त्याला नकाशा म्हणत नाहीत, रांगोळी म्हणतात," असा शेरा खाली सहीसकट होता. त्यांच्या स्वतःच्या नकाशात कागदाच्या कडेला येऊन थांबणारा प्रत्येक रस्ता पुढे कुठे जातो तेही लिहिलेलं असायचं: 'पौड फाट्याकडे, ४०० मीटर'. अंतर लिहिल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

काकू गेल्या तेव्हा तेराव्यानंतर चार दिवसांनी मी वर गेलो, तर काका स्टुलावर चढून फडताळातले डबे मोजत होते. ओट्यावर कागद पसरलेला. स्वयंपाकघराचा नकाशा, प्रमाण एकास दहा. हळद, मोहरी, साबुदाणा, सगळं आपापल्या जागी. "पस्तीस वर्षं या खोलीत जेवलो, पण या भागाची पाहणी राहून गेली होती," ते म्हणाले. मग चष्मा पुसत बराच वेळ बसले. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा म्हातारे वाटले.

त्यांना एकच मुलगा. सन दोन हजार उजाडताच जगातले सगळे संगणक बंद पडणार अशी आवई उठली होती, ते पडू नयेत म्हणून जी पोरं पुण्याहून अमेरिकेला गेली त्यांत हाही गेला. संगणक काही बंद पडले नाहीत, पण मुलगा तिकडेच राहिला. तोही न्यूयॉर्कसारख्या नावाजलेल्या ठिकाणी नाही, तर पार वर कॅनडाच्या अंगाला, जंगलाच्या मधोमध असलेल्या एका गावात. तो दर महिन्याला फोटो पाठवी. काका ते भिंगातून बघत आणि वैतागत. "प्रत्येक फोटोत हाच मध्ये उभा. मुलगा दिसतो, जागा दिसत नाही. याला मी जन्मापासून बघतोय हो. मागे काय आहे ते दाखव ना!" मुलगा फोनवर सारखं "बाबा, तुम्ही इकडेच या," म्हणायचा, आणि काकांचं ठरलेलं उत्तर असे, "जागा समजल्याशिवाय पाऊल टाकायची मला सवय नाही."

अशात कोपऱ्यावरच्या व्हीसीडी लायब्ररीवाल्याला त्यांनी मुलाच्या राज्याचं नाव सांगून तिथला एखादा सिनेमा मागितला. तो पठ्ठ्या म्हणाला, "आहे ना काका. फुल जंगल आहे. एक शहर दिसणार नाही." त्याने काही खोटं सांगितलं नाही. पहिल्याच पाटीवर त्या राज्याचं नाव होतं. पुढे पाच तरुण मुलं-मुली सुट्टीसाठी रानातल्या लाकडी घरात येतात आणि तोंडाला फडकं बांधलेला एक इसम त्यांना कुऱ्हाडीने एकेक करून संपवतो. एवढीच गोष्ट. काकांकडे प्लेअर नव्हता, तो आमच्याकडे होता. मी हिंजवडीला नोकरीला होतो. आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये मान वाकडी करून झोपायचं आणि रविवारी दुपारी गादीवर सरळ झोपायचं, एवढीच माझी चैन होती. ती संपली. दर रविवारी चारच्या ठोक्याला ट्रेसिंग पेपरची गुंडाळी, दोन पेन्सिली आणि शर्यतीत वापरतात तसलं थांबघड्याळ घेऊन काका तोच सिनेमा पुन्हा बघायला दारात हजर.

पहिल्या रविवारी पहिली कुऱ्हाड पडली तेव्हा माझ्या बायकोने किंचाळून मटकीचं ताट उलटं केलं. काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, जरा बाजूला. तो पडला ना, त्याच्या मागे पायवाट दिसतेय." मुलगी पळायला लागली की काका घड्याळ दाबत. मुलगी ठेच लागून पडली की "पडली. चार सेकंद वजा," असं पुटपुटत. "घाबरलेलं माणूस चढावर मिनिटाला दीडशे मीटर धरा. म्हणजे घरापासून पूल साधारण नऊशे." पळता पळता एकीचा पाय तोडला गेला तेव्हा मात्र काकांच्या तोंडून खरीखुरी हळहळ निघाली. "अरेरे! आता पुढचं अंतर नाही मिळणार." मेलेल्या पोरांबद्दल त्यांना फारशी सहानुभूती नव्हती. "पाच जण परक्या रानात येतात आणि एकाकडे नकाशा नाही. होणार काय दुसरं?" मारेकऱ्याला ते 'हे गृहस्थ' म्हणत आणि त्यांच्याविषयी बोलताना स्वर आदराचा असे, कारण सबंध सिनेमात वाट न चुकणारा तो एकटाच होता. पुढे पुढे आमच्याकडेही भीती उरली नाही. बायको भाजी निवडता निवडता "आता खिडकीतून येईल हं," म्हणायची आणि मी चहा टाकायला उठायचो.

खरा घोळ फोनवर व्हायचा. "तुझ्या घरापासून तळं किती लांब?" काका विचारायचे. "कुठलं तळं, बाबा?" "असणार. नीट बघ. आणि तळघराला आतून कडी आहे का?" एका संध्याकाळी मुलाने घाबरून मला फोन केला. "दादा, बाबा ओके आहेत ना? मला विचारत होते, लाकडं फोडायची शेड घराच्या कुठल्या साइडला आहे. मी अपार्टमेंटमध्ये राहतो दादा! बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीन आहे फक्त." मी त्याला सिनेमाचं सांगितलं. तो आधी खूप हसला आणि मग, "मी नीट सांगितलंच नाही त्यांना कधी," म्हणाला.

त्याच पावसाळ्यात काका न्हाणीघरात घसरून पडले. दूधवाल्याने बेल वाजवली, आतून हाक ऐकली, म्हणून कळलं. तोवर तास-दीड तास ते तसेच पडून होते. मोडलं काही नाही, पण मुलाने हायच खाल्ली. तिकिटाचं बघतो, व्हिसाचं बघतो, आता एकटं राहायचं नाही, असं त्याचं रोज सुरू झालं. काकांचं म्हणणं एकच: "नकाशा पूर्ण होऊ दे. पूल ते पेट्रोल पंप एवढाच तुकडा राहिलाय." तो तुकडा पुरा झाला की हे जातील, नाहीतर एखाद्या दिवशी दूधवाला उशिरा येईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून मीही झोप सोडून जिद्दीने सिनेमात पुलापुढचा रस्ता शोधायला लागलो.

आणि नेमकं तेव्हा ते घडलं. एका रविवारी काका लवकर वर गेले आणि तबकडी तशीच चालू राहिली. सिनेमाच्या शेवटी वाचलेली मुलगी पहाटे तळ्यात होडीत बसलेली असते, समोर सूर्य भराभर वर चढतो आणि मग नावं सुरू होतात. आम्ही नावं कधी पाहिलीच नव्हती. त्या दिवशी मी कपबशा उचलता उचलता वाचली. अगदी तळाला गावकऱ्यांचे आभार होते, आणि ते गाव ऑस्ट्रेलियात होतं. सगळं रान, तो पूल, तो पेट्रोल पंप, सगळं ऑस्ट्रेलियातलं. हे काकांना कळलं तर नकाशा जाईल आणि नकाशाबरोबर अमेरिकाही जाईल. मी कुणाला काही बोललो नाही. पुढच्या रविवारपासून सूर्य वर आला रे आला की मी उठून प्लेअर बंद करायला लागलो. "डोळे दुखतात," म्हणायचो. काका म्हणायचे, "दुखणारच."

दिवाळीनंतर एका रविवारी त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर पुरा नकाशा पसरला. असं देखणं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. घर, तळं, शेड, पायवाटा, उताराच्या बारीक रेघा. जिथे माणसं मेली तिथे लहान फुल्या, आणि खाली सूचीत 'फुली: दृश्यात अडथळा'. मी तोंडभरून वाहवा केली आणि करता करता थांबलो. वरच्या कोपऱ्यात जागा मोकळी होती.

"काका, उत्तरेचा बाण राहिला."

"राहिला नाही. काढला नाही," काका म्हणाले. "तळ्यावरचा सूर्य आठवतो का तुम्हाला? आपल्याकडे उगवतीला तोंड करून उभे राहा, सूर्य उजवीकडे कलत चढतो. अमेरिकेतही तसंच. या तळ्यावर तो डावीकडे जातो. म्हणजे हे रान विषुववृत्ताच्या खालचं कुठलं तरी आहे. उत्तर मला ठाऊक आहे, पण ती दाखवली असती तर सूर्य तिच्याकडेच कलतो हे कुणीही सिनेमाशी ताडून पाहिलं असतं, आणि नकाशा खोटा आहे हे नकाशानेच सांगितलं असतं."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या रविवारी."

बायको भांडी पुसत होती ती थांबली. "मग इतके महिने..." मी म्हणालो.

"तुम्ही नावं यायच्या आत धावत जाऊन बंद करत होतात. म्हटलं, एवढी धडपड करताय, कशाला मन मोडा." मग ते म्हणाले, "आणि खरं सांगू का? मला त्या कुऱ्हाडीची भीती नव्हती हो. इथे चाळीस वर्षं मी लोकांना वाट दाखवतो. तिथे दूध कुठे मिळतं हेसुद्धा मुलाला विचारावं लागणार. त्याचीच भीती वाटत होती मला. म्हणून म्हटलं, निदान हात तरी चालू राहू दे." त्यांनी नकाशाची गुंडाळी केली आणि रबर लावलं. "न्हाणीघरात पडलो तेव्हा मात्र विचार केला. खात्यात नकाशा चुकीचा निघाला की आम्ही काय करायचो? प्रत्यक्ष जागेवर जायचो. त्याला कळवा, तिकीट काढ म्हणावं."

जानेवारीत ते निघाले. होकायंत्र सामानात ठेवलं होतं, ते काढून मी त्यांच्या कोटाच्या खिशात घातलं. टॅक्सीत बसता बसता त्यांनी ड्रायव्हरला विमानतळाचा नकाशा दिला. दोन महिने वरचा मजला बंद होता. रविवारी दुपारी मला हवी तेवढी झोप मिळत होती आणि चार वाजता मी जागा होऊन छताकडे बघत पडत होतो. बायकोने एकदा न सांगता तीन कप चहा केला.

मार्चमध्ये पाकीट आलं. आत घडी घातलेला नकाशा होता, चिठ्ठी नव्हती. मुलाची इमारत, बसथांबा, दुधाचं दुकान, ग्रंथालय. 'तळघर: स्वतः उतरून पाहिले. कपडे धुण्याचे यंत्र आहे. कडी नाही, गरजही नाही.' 'तळे: नाही.' 'जंगल: आहे. गृहस्थ आढळले नाहीत.' वरच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण, हातभर वाटावा असा ठसठशीत. मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवत होतो, आम्ही दोघंही हसत होतो. मग खालच्या उजव्या कोपऱ्यात एक रस्ता कागदाच्या कडेला येऊन थांबलेला दिसला. तिथे नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कोथरूडकडे'. पुढे स्वल्पविराम होता, आणि अंतराची जागा कोरी होती.