सुर्जीचा रफार

त्या वर्षांत अकोटला दिवसातून दोनदा लाइन जायची, आणि नेमकी माझं काम अर्ध्यावर असताना.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. शिवाय लिनक्स या मोफत कॉम्प्युटर प्रणालीच्या एका वितरणासाठी, म्हणजे तयार जुळवून वाटल्या जाणाऱ्या संचासाठी, फुकटात एक लायब्ररी सांभाळायचे. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. इतर प्रोग्राम ज्याच्या आधारावर चालतात असा छोटासा कोड. माझ्या वाट्याची लायब्ररी देवनागरी अक्षरं नीट जुळवून द्यायची. मूळ लेखक युरोपात कुठेतरी. त्याने नवी आवृत्ती काढली की मी ती आमच्या वितरणात बसवायची, तपासायची आणि पुढे पाठवायची. बसवायला दोन तास लागत आणि दीड तासावर लाइन जाई. पुन्हा पहिल्यापासून.

वैतागून मी बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत जायला लागले. तो चालवणाऱ्या चाचांकडे इन्व्हर्टर होता. हे मी कोणासाठी करते, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांसाठी.

"सगळ्यांसाठी म्हंजे कोणासाठीच नाई," चाचा म्हणाले.

मला राग आला.

अशीच एक आवृत्ती मी घाईत पुढे पाठवली. चार दिवसांनी अमरावतीहून फोन आला; लायब्ररीच्या माहितीत माझा नंबर होता. तिथली एक छोटी संस्था गावोगाव फिरून, कर्ता माणूस गेलेल्या घरांतल्या बायकांचं म्हणणं लिहून घेत होती. टायपिंग करणाऱ्या ताईंनी सांगितलं, अपडेट झाल्यापासून रफार भलत्याच अक्षरावर जातोय. गावाच्या नावातल्या 'सुर्जी'चा रफार 'सु'वर. 'दर्यापूर' तर वाचताच येत नाही.

मी लेखकाला लिहिलं. त्याचं उत्तर आलं की त्याच्याकडे सगळं नीट दिसतंय. त्याला देवनागरीचं अक्षरही वाचता येत नव्हतं, मग नीट काय दिसत होतं कोण जाणे. फोटो पाठवला, तर म्हणाला, अजून कोणी तक्रार केलेली नाही. तेवढ्यात कोणा अनोळखी माणसाने तक्रारींच्या जाहीर यादीत लिहिलं की ही लायब्ररी सांभाळणारी व्यक्ती झोपलेली दिसते. मी झोपले नव्हते. दोन दिवस लाइनच नव्हती. पण हे त्याला काय सांगणार? सोडून द्यावं सगळं, असं मनात आलं.

रविवारी एसटीने अमरावतीला गेले. ताई टेबलावर गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. छापलेल्या पानांवर चुकीचा रफार खोडून निळ्या पेनाने योग्य जागी काढत होत्या. सोमवारी कागद वरच्या कार्यालयात पाठवायचे होते.

"हे तुमीच पाठवलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग पाहून कावून नाई घेतलं?"

पाहिलं होतं, पण लेखकाने दिलेल्या नमुन्याच्या दोन शब्दांवर. दोन्हींत रफार नव्हता. आठवडाभर मी त्या लेखकावर चिडत होते, आणि आम्हा दोघांत मराठी वाचता येणारी मी एकटीच होते.

मी अर्धा गठ्ठा ओढून घेतला. संध्याकाळपर्यंत दोघी रफार काढत बसलो. एका पानावर चांदूर बाजारकडच्या एका बाईचं म्हणणं होतं: सगळे येऊन विचारून जातात, पुन्हा कोणी येत नाही. तिच्या त्या मजकुरात रफाराचा एकही शब्द नव्हता. तरी मी ते पान दोनदा वाचलं.

परत येऊन मी कोडमधली चूक स्वतः शोधली. ताईंकडून गावांच्या नावांची यादी मागवली आणि तपासणीत घातली. दुरुस्ती लेखकाला पाठवली. महिन्याने त्याने ती घेतली. आभाराचा शब्द नाही.

पुढे त्याने ते काम सोडूनच दिलं. कोणी घेता का, म्हणून मी जाहीर विचारलं. कोणी पुढे आलं नाही. म्हणून मूळ लायब्ररीही आता मीच सांभाळते, आणि नव्या आवृत्तीची घाई करणारी पत्रं मला येतात.