जांभळाचे पाच तुकडे

घोडेगावच्या रस्त्याला आमचं कातकाम होतं. लाटणी, पोळपाटाचे पाय, पाळण्याच्या दांड्या. लाकूड दोन टोकदार खुंट्यांमध्ये अडकवायचं, त्याला दोरीचे वेढे घालायचे, मी दोरी मागंपुढं ओढायची आणि फिरत्या लाकडावर मालकांनी पटाशी धरायची. मालक म्हणजे माझा नवरा. थांबायचं असलं की ते तोंडानं सांगत नसत, डावं कोपर उचलत. मी चार यत्ता शिकले, पण ते कोपर मला पुस्तकापेक्षा चांगलं वाचता यायचं.

धरण भरून काही वर्षं झाली होती. एका उन्हाळ्यात एक माणूस खांद्यावर ओंडका घेऊन आला. त्याचं गाव पाण्याखाली गेलेलं. त्या वर्षी पाणी फार उतरलं आणि त्याच्या अंगणातल्या जांभळाचं खोड वर आलं. जांभूळ पाण्यात सहसा कुजत नाही. त्यानं ते कापून आणलं. तीन बहिणींसाठी सुऱ्यांच्या तीन मुठी हव्या होत्या आणि दोन पेनं, एक धाकट्या भावाला, एक स्वतःला. पाती त्यानं मंचरच्या बाजारातून घेतली होती. धरणात गेलेल्या जमिनीच्या कागदावर त्यानं अंगठा दिला होता. पुढं साक्षरतेच्या वर्गात बसून तो सही शिकला. आता आपल्या जांभळाचं पेन खिशाला लावायचं, असं त्याच्या मनात होतं.

वाळताना तडकू नये म्हणून ओंडक्याच्या दोन्ही टोकांना शेण लिंपून मी तो पावसाळाभर सावलीत ठेवला. दिवाळीनंतर फोडला तर वरचं लाकूड भुसभुशीत, आतलं चांगलं पाचच तुकड्यांपुरतं.

भावाचं पेन आधी झालं. गिरमिटानं भोक पाडून मालकांनी रिफिल बसवली. दोन मुठी झाल्या. तिसरी थोरल्या बहिणीची. दुपार होती. लाकडातून ओल्या मातीसारखा वास येत होता आणि दोरीची एकसारखी घरघर चालली होती. मला झोप लागली नव्हती, हे सांगून ठेवते. डोळे उघडे होते. पण मी त्या गावात उतरले होते. ते गाव मी कधी बघितलेलं नाही. उंबऱ्यावरून मासे आत जात होते. जात्याच्या खुंट्याला शेवाळ धरलं होतं आणि जातं हळूहळू फिरत होतं, ओढायला कोणी नसताना. जांभळाखाली एक बाई अंगण झाडत होती, आणि झाडलेली पानं सावकाश वर जात होती. हे सगळं माझ्या दोरीवर चाललंय, दोरी थांबली तर तेही थांबेल, असं वाटत होतं.

मालकांनी कोपर उचललं ते मला दिसलं नाही. पटाशी अडकली आणि लाकूड उभं फाटलं.

मालक म्हणाले, लाकडातच दोष होता असं सांगू. मी म्हटलं, दोष माझा आहे, मीच सांगते.

तो माणूस आला तेव्हा सांगितलं. तो दोन फाकी जुळवून बघत बसला. पुतणीच्या लग्नात सगळी भावंडं एकत्र येणार होती, लग्न आठ दिवसांवर आलेलं. धरणात पाणी तर पुन्हा चढलेलं. मग म्हणाला, "थोरलीचं ऱ्हाऊ द्या. तिचं लगीन धरणाच्या आदीच झालं व्हतं. तिचं काय बुडालं न्हाई."

"माहेर बुडालं की," मी म्हटलं. "एक तुकडा अजून तसाच हाय, भाऊ. तुमच्या पेनाचा. त्याची मूठ व्हईल."

मालकांनी माझ्याकडं रागानं बघितलं. चूक माझी, आणि वर त्याच्याच पेनावर डोळा. खरं होतं ते. तरी मी शब्द मागं घेतला नाही.

बराच वेळ तो लाकडावरून बोट फिरवत राहिला.

"करा मूठ," म्हणाला.

ती मूठ करताना मी कोपरावरून नजर हलवली नाही. गावातलं काही दिसलं नाही. मूठ चांगली झाली. पात्याचं शेपूट तापवून तिच्यात बसवलं.

सगळं न्यायला आला तेव्हा मालकांनी त्याला भावाचं पेन चालवून बघायला सांगितलं. त्यानं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला स्वतःचं नाव लिहिलं. एवढ्या वेळात माझ्या चहाला उकळी आली. मान तिरकी करून त्यानं नाव बघितलं, पेन धोतराला पुसलं, मुठींबरोबर फडक्यात बांधलं आणि चहा न घेताच एसटी धरली.

संध्याकाळी फाटलेलं जांभूळ मी चुलीत घातलं आणि पेटवायला तोच कागद घेतला. लाकूड काही लवकर पेटलं नाही. धूर फार झाला. त्या धुरात ते अंगण परत दिसायला लागलं, तेव्हा मी उठून दार उघडलं.