शिग्रामपाशी हरवलेली मुलगी

निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी त्या रविवारची दुपार माझी पाठ सोडत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचा राग यायचा, नंतर नंतर कंटाळाही यायचा. भीती मात्र त्या दिवशी वाटली.

नगर शहराच्या कडेला एका संस्थेचे छोटे संग्रहालय आहे. तिथल्या मोठ्या दालनात एक शिग्राम ठेवला आहे. शिग्राम म्हणजे प्रवाशांची चारचाकी बंद घोडागाडी. मोटारी येण्याआधी तो नगर-नेवासा रस्त्यावर चालत असे. तिरप्या लाकडी पट्ट्यांच्या झिलमिली खिडक्या, पितळी कंदील, माणसाच्या छातीपर्यंत येणारी मागची चाके. भोवती दोरी बांधलेली, आणि खालची धूळ दिसू नये म्हणून चाकांच्या मधून जमिनीपर्यंत लाल कापडाची झालर सोडलेली.

दुपारी संग्रहालयासमोरच्या चहावाल्याचा ठाण्यात फोन आला. "साहेब, गेटवर पब्लिक एकाला मारतंय. पोरं पळवणारा घावला म्हनत्यात. लवकर या, न्हाईतर जातंय ते बेनं जिवानिशी."

मुले पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ तेव्हा जिल्ह्यात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता. कुठला, कधीचा, कुणाला ठाऊक नव्हते. मी जीप काढली. बरोबर एक महिला हवालदार आणि दोन शिपाई. त्या माणसाला लोकांच्या हातातून सोडवताना माझ्या शर्टाची बाही फाटली. तो तिशीतला, काटक; डाव्या पंजाला मळकी पट्टी आणि तोंड रक्ताने भरलेले. एवढा मार खाऊनही तो आमच्याकडे बघत नव्हता, संग्रहालयाच्या दाराकडे बघत होता.

फिर्याद द्यायला पुढे आला तो एक मुकादम. साखर कारखान्यांना ऊसतोडीच्या टोळ्या पुरवणारा माणूस, पांढरे कपडे, बोलणे अदबीचे. तो बायकामुलांना घेऊन संग्रहालय बघायला आला होता, सोबत त्याची आठ-नऊ वर्षांची भाची होती, आणि ती शिग्रामपाशी या माणसाशी बोलताना दिसली ती शेवटची, असे त्याने सांगितले. गेटवरचा कॅमेरा बंद होता.

आम्ही एकूण एक दालन पाहिले. शिग्रामचे दार उघडून आतल्या बैठका उचलून पाहिल्या. मी मोठ्याने हाका मारल्या. उत्तर नाही. संग्रहालयाचा रखवालदार सारखा मागे मागे. त्याला संध्याकाळी दालन बंद करून लाकडाच्या किडीसाठी विषारी धूर सोडायचा होता, आणि सोमवारी सुट्टी असल्यामुळे ते काम रविवारीच व्हायला हवे होते. इथे पोर हरवली आहे आणि तुला किडे सुचतात, असे म्हणून मी त्याला हाकलले.

ठाण्यात आल्यावर अपहरणाचा गुन्हा दाखल करायला घेतला. वायरलेसवर वर्णन दिले, पुणे आणि संभाजीनगर रस्त्यांवर नाकाबंदी लावली. तोवर जमाव ठाण्याच्या फाटकाशी आला. जमाव घोषणा देतो तोपर्यंत फारसे भय नसते. तो गप्प झाला की समजावे, आता दगड येणार. साडेपाचच्या सुमारास तो गप्प झाला. फाटकावर एक शिपाई, आत आम्ही चार-पाच जण. अधिक कुमक मागितली, तर वरिष्ठ अधिकारी म्हणाले, "तुमच्या पातळीवर सांभाळा." त्यांची पातळी त्या वेळी एका सत्कार समारंभात बसलेली होती.

माझे वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि एकेक पायरी चढत निरीक्षक झालो. कुणाच्या चिठ्ठीवर नाही. चौकशी करायला मी प्रशिक्षण केंद्रात कमी आणि बाजारात जास्त शिकलो. गिऱ्हाईक काय विचारतो यापेक्षा काय विचारायचे टाळतो, ते बघायचे. ज्याला बैल खरोखर घ्यायचा असतो तो दात बघतो, खूर बघतो. ज्याला नुसता दुसऱ्याचा सौदा मोडायचा असतो, तो दुसरा काय बोलला एवढेच विचारत राहतो.

मुकादम माझ्या केबिनमध्ये बसला होता. पोरीने दुपारी काही खाल्ले होते का, ती अंधाराला भिते का, यातले काही तो बोलला नाही. दर थोड्या वेळाने एकच प्रश्न: "बोलला का तो?" फिर्यादीत लिहायला मी मुलीचे पूर्ण नाव विचारले.

"पिंकी म्हणतो आम्ही."

"बापाचं नाव?"

तो थांबला. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचे नाव सांगायला माणूस थांबत नाही. पुढे त्याने एक नाव सांगितले, पण ते भिंतीकडे बघून.

मी शेजारच्या खोलीत गेलो. गेटवरून आणलेला तो माणूस कोपऱ्यात उकिडवा बसला होता. त्याने अजून स्वतःचे नावही सांगितले नव्हते. मी तापट आहे, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होते. टेबलावर हात आपटला, ओरडलो. त्याचा परिणाम शून्य. मग लक्षात आले, केबिनमधून मुकादमाचा आवाज आला की हा मान खाली घालतो. माझ्या आवाजाने त्याच्यात काही हलत नव्हते.

मी बाहेर आलो आणि मुकादमाला म्हणालो की पोरीचा फोटो आणि शाळेचा दाखला आणून दिला तर तपासाला वेग येईल. मामा म्हणवून घेतल्यावर त्याला नाही म्हणता येईना. तो गेला. मी खोलीत परत आलो, दार लावले आणि खाली फरशीवर बसलो.

"तो गेला. आता सौदा करू. तू एक खरं सांग, मी एक देतो."

त्याने समोरचा पाण्याचा पेला बाजूला सारला. "पोरगी त्येला देनार न्हाई म्हना."

"नाही देणार."

"लेकराची शपथ घ्या."

मी घेतली. मग तो बोलला. तो जामखेडकडचा ऊसतोड कामगार होता. कोयता हातावर बसला, काम होईना, म्हणून तो टोळी सोडून गावी गेला. तो परत यावा म्हणून मुकादमाने त्याची मुलगी आपल्या नगरच्या घरी ठेवून घेतली, आणि ती तिथे धुणीभांडी करत होती, मुकादमाचे तान्हे पोर सांभाळत होती. बायको गावी बाळंतीण. रविवारी तो घरावर पाळत ठेवून होता. मुकादमाचे कुटुंब संग्रहालयात गेले तसा मागोमाग गेला. मुकादम दुसऱ्या दालनात असताना त्याने मुलीला गाठले. रिक्षा बघायला म्हणून गेटवर आला, तर मुकादमाने त्याला ओळखले आणि आरोळी ठोकली की पोरं पळवणारा आलाय. बाकीचे काम लोकांनी केले.

"पोरगी कुठंय?"

"गाडीखाली."

"कुठल्या गाडीखाली?"

"त्या जुन्या. आमी फडावर तोडायला गेल्यावर ती बैलगाडीखाली ऱ्हाती. म्या सांगून ठिवलंय, आबानं हाक मारल्याबिगर निघायचं न्हाई. दुसऱ्या कुनी हाक मारली तर ओ द्यायची न्हाई. म्या आजबी त्येच सांगितलं." त्याने माझ्याकडे पाहिले. "तुमाला सांगितलं असतं, तर तुमी तिला भाईर काढून त्येच्याच हातात दिली असती. तो तितंच हुता."

मी घड्याळ पाहिले, आणि रखवालदार आठवला. त्याला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला. तेच. हवालदारबाई न सांगता जीपची किल्ली घेऊन उभ्या राहिल्या.

बापाच्या हाकेशिवाय पोर निघणार नव्हती, आणि फाटकातून त्याला नेणे म्हणजे त्याला जमावाच्या हवाली करणे. जीप मी मुद्दाम पुढच्या फाटकातून सायरन वाजवत बाहेर पाठवली. लोक तिच्यामागे धावले. मी आणि तो पोलीस वसाहतीच्या मागच्या बोळातून एका शिपायाच्या मोटारसायकलवर निघालो. तो मागे बसून माझ्या कमरेचा पट्टा धरून होता.

संग्रहालयात रखवालदार दालनाच्या दारापुढे ओणवा होऊन एका बंद फळीच्या फटींवर चिकटपट्टी लावत होता. फोन लांब, बाकावर जेवणाच्या डब्याजवळ पडला होता. धुराचा डबा पायाशी होता, अजून सीलबंद. मी पट्टी ओरबाडून दार ढकलले. आत अंधार, आणि जुन्या लाकडाचा, चामड्याचा वास. शिग्राम एखाद्या बसलेल्या जनावरासारखा दिसत होता.

"पिंके," तो म्हणाला. मोठ्याने नाही, रानात हाक मारतात तशीही नाही. "ये गं भाईर. म्या आलो."

काही झाले नाही. पोर इथे नसेलच तर, हा विचार माझ्या मनात आला. तोही पुढे जाईना, तिथेच थिजला होता. मग झालर हलली. आधी एक हात आला, मग डोके. गाडीच्या तळाला घोड्यांच्या वैरणीसाठी चामड्याची झोळी टांगलेली असते, त्यात ती दुपारपासून पाय पोटाशी घेऊन बसली होती. केसांना जळमटे.

ती बापाच्या पायाला बिलगली आणि मला बघून त्याच्या मागे गेली. "आबा, हे मघाशी आल्ते," ती म्हणाली. "झालरीच्या फटीतनं यांचे बूट दिसत हुते मला. लई वरडत हुते. म्या न्हाई निघाले."

मुकादम फोटो घेऊन आलाच नाही. त्याला पहाटे शिरूरच्या पुढे पकडले. मुलीला बाल कल्याण समितीपुढे उभे केले आणि तिथून बापाच्या ताब्यात दिले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मुलीच्या डोक्यावर हात ठेवून वरिष्ठ अधिकारी उभे होते. बातमीत माझे नाव नव्हते. मुकादमाची ओळख कुठवर होती ते मला महिन्याभरात कळले, माझ्या बदलीच्या आदेशातून. पदकाच्या शिफारशीतही मी नव्हतो. हे मी विसरलेलो नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

पण या प्रकरणाने जे शिकवले, ते त्या फोटोपेक्षा मोठे आहे. मूल सापडत नाही म्हटले की आम्ही पोलीस विचारतो, त्याला कुणी नेले. ते कुणाला भिऊन लपले आहे, हे आधी विचारायला हवे. हाक मारणारा आपला आहे की परका, हे मुलाला आवाजावरूनच ठरवावे लागते, आणि आमच्या आवाजाची त्याला सवय नसते.

निवृत्तीनंतर मी त्या संग्रहालयात गेलो होतो. व्यवस्थापकाशी भांडून ती लाल झालर काढायला लावली. तो म्हणाला, धूळ दिसेल. म्हटले, दिसू द्या. आता शिग्रामच्या खाली आरपार दिसते. तरीही तिथे गेलो की मी गुडघे टेकून वाकतो आणि खाली बघून घेतो.