बासष्ट राम राम आणि एक इशारा

एक वेळ सोडली, तर हरिबा धनगराने आजवर राम राम केल्याशिवाय कुणाला वाईट बातमी सांगितलेली नाही. नळदुर्गजवळच्या आमच्या वाडीत हवामानाचे इशारे तोच देतो, कारण तो दिवसभर मेंढरांमागे माळावर असतो आणि फोन त्याच्या कानाशी असतो. तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर शेतीखात्यातला कुणीतरी विजेचा, गारांचा इशारा बोलून टाकतो. हरिबाने तो नुसता पुढे पाठवला तरी आमचे भागेल. पण दुसऱ्याचा आवाज पुढे ढकलणे त्याला उष्टे वाढल्यासारखे वाटते. म्हणून तो स्वतः बोलतो.

बोलतो म्हणजे आधी वाडीच्या गटातल्या बासष्ट जणांना वयाच्या क्रमाने राम राम. पहिले नारायणराव गुरुजी, मग वीरप्पा. कळपातली मेंढरे मोजावीत तशी त्याला नावे पाठ आहेत. पाऊस येतो तो पाच मिनिटांच्या शेवटी. लोक आपले नाव आले की फोन खाली ठेवतात. मीही त्यातलीच. माझे नाव चौथे.

शेवटपर्यंत ऐकायची ती एकटी नागूबाई. दोन वर्षांपूर्वी हरिबाने खतासाठी तिच्या शेतात मेंढरे बसवायचे कबूल केले आणि बसवली वीरप्पाच्या रानात. नागूबाईने भर चौकात त्याच्या मेंढरांना खरजुली म्हटले. तेव्हापासून त्याने तिचे नाव गाळले, आणि आज तरी ते येते का हे पाहायला ती प्रत्येक इशारा शेवटपर्यंत ऐकू लागली.

गेल्या ऑक्टोबरच्या चौदा तारखेला, मंगळवारी, दुपारी पावणेतीनला ती माझ्या ओसरीवर बसली होती. तिचे तीन एकरांचे सोयाबीन काढून घरामागच्या रानात उघड्या गंजीत पडले होते. मळणीयंत्र उद्या येणार होते. वर्षाचे पीक तेवढेच. ऊन कडक होते. फोन वाजला.

"बघू, आज काय म्हणतंय ते मेंढरू," ती म्हणाली.

नावे सुरू झाली. माझे झाल्यावर मी पुन्हा शेंगा सोलू लागले. शेवटचे नावही संपले.

"न्हाय घेतलं," ती म्हणाली. तेवढ्यात हरिबा पुढे बोलला, "तर मंडळी, अर्ध्या तासात गारा, वादळ, लई पाऊस. गंज्या झाका."

त्या अर्ध्या तासातली पाच मिनिटे बोलण्यात आणि पाच ऐकण्यात गेली होती. आम्ही ताडपत्री घेऊन रानात पोहोचलो तेव्हा वारा सुटला होता. मी एक कोपरा धरला होता, खरे तर कोपऱ्यानेच मला धरले होते. इतक्यात मेंढरे हाकत हरिबा माळावरून आला आणि बांधावर थांबला.

"भावजी, उभं काय ऱ्हायलाव? दगडं आणा."

"आणतो की. आधी सांगा वैनी, माझी मेंढरं खरजुली हायती का?"

"ताडपत्री उडाली तर तुमच्यासकट समदी खरजुली."

त्याने दगड आणले. कडेने रचता रचता म्हणाला, "तुमाला कळलं कुठनं पण?"

"तुमचं ऐकून. रोज शेवटापातुर ऐकते, नाव घेताव का बघाया."

"आनि बाकीचे?"

दोघे माझ्याकडे पाहू लागले. मी खरे ते सांगितले. "चौथ्या नावापर्यंत."

"गुरुजी?"

"ते पहिलेच आहेत, हरिबा."

 त्याने शेजारच्या रानांतल्या उघड्या गंज्या पाहिल्या, हातातला दगड ठेवला आणि फोन तोंडाशी धरला. "गारा. गंज्या झाका." एवढेच.

मिनिटभरात त्याला फोनवर फोन येऊ लागले. राम राम नाही म्हणजे हरिबालाच काही झाले असावे, असे सगळ्यांना वाटले. तो प्रत्येकाला सांगत होता, "म्या धडधाकट हाय, तुमी रानात पळा."

गारा तीन वाजून वीस मिनिटांनी पडल्या. वाडीतल्या अकरा गंज्यांपैकी नऊ झाकल्या गेल्या. नागूबाईच्या गंजीत दुसऱ्या दिवशी मी स्वतः कोपरापर्यंत हात घालून पाहिला. शेंग कोरडी होती.